गप्प झालेला ट्रंपेट

हुकूमशाहीला नाही म्हणणाऱ्यांची स्मारकं चौकात बरीच होती, पण लोकांचं लाडकं एकच, पितळी ट्रंपेट. खाली पाटी: ‘पालिकेच्या बँडने इथे हुकूमशहाला सलामी नाकारली.’ दरवर्षी त्या दिवशी तिथे भाषण करायचा मान खुद्द ट्रंपेटवाल्याचा. बँडमधला तो एकटाच उरला होता. त्यामुळे त्याला खोटं पाडायलाही कोणी उरलं नव्हतं, ही मोठी सोय.

कारण त्याने काडीचंही काही नाकारलं नव्हतं. आदल्या दिवशी त्याची अक्कलदाढ काढली होती. होती नव्हती ती अक्कलही गेली, असं तो स्वतःशी म्हणायचा. गाल टम्म सुजलेला, ओठ बधिर. सलामीची धून सुरू झाली, त्याने फुंकर मारली, तर सुराऐवजी थुंकी बाहेर आली. तो थांबला. पाठोपाठ मागचा ड्रमवाला थांबला आणि ड्रम थांबल्यावर सगळा बँडच थांबला. चौक चिडीचूप. आमचा वीर तेव्हा एवढाच विचार करत होता, की गणवेश पांढरा आहे, पँट ओली झाली तर सगळ्यांना दिसेल.

बँड ड्रमच्या तालावर चालतो, म्हणून म्होरक्या ड्रमवालाच ठरला. संध्याकाळी पोलिसांनी त्याला घरातून नेलं. तो परत आला नाही.

पुढे राजवट पडली. वार्ताहराने विचारलं, “तुम्ही का थांबलात?” दाढ म्हणायला उघडलेल्या तोंडातून निघालं, “मन होईना.” मग दरवर्षी भाषणात त्याचं धैर्य वीतभर वाढत गेलं. ड्रमवाल्याची बायको पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची, तेवढ्या मात्र त्याला सोसवत नसत.

यंदा पालिकेने पाटीवर त्याचं नाव कोरायचं ठरवलं. ड्रमवाल्याचं नाव कुठेच नव्हतं. भाषणाआधी तो ड्रमवाल्याच्या बायकोसमोर जाऊन उभा राहिला.

“वहिनी, एक सांगायचंय. त्या दिवशी माझी दाढ…”

“अक्कलदाढ. डाव्या बाजूची.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“ह्यांनीच. जेवताना म्हणाले, ‘त्याचा गाल बघूनच कळलं, ह्याला आज वाजवता यायचं नाही. एकटा गप्प झाला असता तर एकट्यालाच उचलला असता. म्हणून मी हात थांबवला.’ ताटावर होते, तेवढ्यात दार वाजलं.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते, भाऊजी.”

त्याचं नाव पुकारलं गेलं. माईकसमोर ‘त्या दिवशी मी ठरवलं’ हे पाठ झालेलं वाक्य त्याने सोडून दिलं. चौक पुन्हा चिडीचूप.

“त्या दिवशी,” तो म्हणाला, “माझी दाढ काढलेली होती.”

लोक खो-खो हसले. हसू ओसरेपर्यंत तो थांबला आणि मग ड्रमवाल्याने काय केलं ते त्याने सांगितलं, त्याच्या नावानिशी. आता कोणी हसत नव्हतं.

“पाटीवर त्याचं नाव घाला,” तो म्हणाला. “माझं घालायचंच असेल, तर आधी दाताच्या डॉक्टरांचं घाला.”

वहिनी तेवढ्या हसल्या. टाळ्या वाजवायच्या मात्र त्या विसरल्या, डोळे पुसत बसल्या.