पंधरा दिवसांचा पास

काळूराम रेल्वेत बँकर इंजिनाचा ड्रायव्हर. कर्जतला गाडीच्या मागे इंजिन लावायचं, ढकलत ढकलत तिला घाट चढवायची, वर सुटायचं आणि मोकळं परत यायचं, यात त्याची बत्तीस वर्षं गेली. त्याचा सोमा मोहोपाड्याच्या कारखान्यातून पॅरिसला गेला आणि चौऱ्याऐंशी साली त्यानं बापाला बोलावलं. ‘बाबा एकदा बघून जाऊ देत, मग दोघं कायमचेच या,’ हे पत्र त्याच्या बायकोला, मालनबाईंना, मीच वाचून दाखवलं. त्यांच्या घराला गिऱ्हाईकही मीच आणलं. काळूराम परतला की रविवारी सह्या. मालनबाईंनी तर पाटा-वरवंटा शेजारच्या हिरूला देऊनसुद्धा टाकला.

शनिवारी परतलेला काळूराम माझ्या दुकानात आला.

"सांग की रं, कशी हाय तिकडची गाडी?" मी विचारलं.

"नारिंगी! दोन तासांत सव्वाचारशे किलोमीटर. कपातला चहा हलत नाय, पोपटशेठ."

"आणि मागून इंजिन?"

"लागतच नाय त्यांना."

सोमानं काढून दिलेला रेल्वेचा पास त्यानं दाखवला. पहिला वर्ग, पंधरा दिवस, वाटेल त्या देशात फिरा. मी आधी तारखा वाचल्या. खोडच आहे ती. पास सुरू तो पॅरिसला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, संपला निघायच्या आदल्या दिवशी.

"एक दिवस वाया घालवला नाहीस लेका! आणि रात्री?"

"गाडीतच झोपायचं. सोमानं समदं आधीच ठरवून ठेवलं व्हतं. स्टेशनावर आंघोळीची पण सोय हाय."

"मग पोराच्या घरी राहिलास कधी?"

काळूराम पासाची घडी घालत राहिला. मी हसायचा थांबलो, पण उशिरा.

"दोनच खोल्या हायत," तो म्हणाला. "सूनबाईला सवय नाय माणसाची. गिऱ्हाइकाला नाय म्हणून सांगा."

घरी एकट्यानं जायचा त्याला धीर होईना, म्हणून मी सोबत गेलो. मालनबाई ट्रंकेत लुगडी भरत होत्या.

"अगं, आपण नाय जायचं," काळूराम म्हणाला. "तिकडच्या गाड्या लय जोरात पळतात. तुला चक्कर येईल."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अन् सोमाच्या घरात बसून राहिले तर?"

काळूरामानं टोपी काढली, पुन्हा घातली. बाई ट्रंकेतलं एकेक लुगडं काढून दोरीवर टाकू लागल्या.

"पोपटशेठ," शेवटी म्हणाल्या, "पाटा हिरूकडं हाय. तुमीच मागून आणा. माज्यानं मागणं व्हणार नाय."