टॉवेलाखालचा हात

“मान भिंतीकडे करा बघू,” असं म्हणत अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचणाऱ्या बाईंनी सलूनवाल्याचा उजवा हात टॉवेलाखालून बाहेर काढला आणि उशीवर सरळ ठेवला. “टोचलं की सांगायचं.”

बायको कॉटच्या पायथ्याशी उभी होती, कमरेवर हात दाबून. अर्धांगाचा झटका आल्यापासून या धिप्पाड माणसाला उठवून-बसवून तिच्या कमरेचं पार भुसकट झालं होतं. पण ते कुणाला सांगतेय ती! तिचा सगळा जीव त्या हातात. तो पुन्हा कात्री धरेल की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. दर खेपेला तो “टोचलं” म्हणायचा, आणि त्या दिवशी तिला घर खायला उठत नसे.

बाईंनी कापसाने कातडी पुसली. सुई उचलली आणि ती चिमटीत धरून त्या तशाच थांबल्या.

“टोचलं,” तो भिंतीला म्हणाला. “आज तर चांगलंच.”

बायकोने बाईंच्या चिमटीकडे पाहिलं. सुई तिथेच होती.

“दादा,” बाई हळूच म्हणाल्या, “मी अजून काहीच केलेलं नाही.”

त्याने मान वळवली नाही. बाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली.

“ताई, कंबर, मान, डोकेदुखी, असल्या दुखण्याला माझ्या सुयांनी पुष्कळांना आराम पडतो. या हातासाठीही प्रयत्न करून पाहिला. पण आता तुम्हाला खोटी आशा लावणं मला जमायचं नाही.”

“अहो, पण का?” बायको नवऱ्यावर उखडली. “मला का फसवलंत? मी वेड्यासारखी रोज दुकान झाडून येतेय!”

“मी ‘टोचलं’ म्हटलं की त्या दिवशी तू जेवायचीस,” तो म्हणाला. “एरवी ताट सरकवून उठतेस. मला दिसत नाही होय?”

तिला रडूही येईना आणि भांडताही येईना.

तो डाव्या हाताने कॉटची कड धरून एकटाच उठायला धडपडू लागला. सवयीने ती पुढे धावली.

“हात लावू नकोस!” तो ओरडला. मग धापा टाकत बाईंकडे वळला. “मी खुर्चीत बसतो कसातरी. इथं हिला झोपवा. हिच्या कमरेचं तेवढं बघा, बाई. आता जन्मभर हिनंच मला उचलायचंय.”