इलिनॉयपुरती शरयू

इंटरनेटला सरहद्द नसते, असं शरयूचा दीर यतीन म्हणायचा. आणि तो आयटीतला असल्यामुळे लोकांना ते पटायचं. शरयूला पटत नसे. ती फार्मासिस्ट होती आणि तिचं लायसन्स इलिनॉयचं होतं. औषध ज्या राज्यात पोचतं तिथला कायदा लागतो, आणि अमेरिकेत दर राज्याचा कायदा निराळा, हे तिने यतीनची ऑनलाइन फार्मसी निघाली तेव्हाच त्याला बजावलं होतं.

"घरून प्रिस्क्रिप्शन्स तपासून देईन. पण इलिनॉयपुरतीच."

"वहिनी, तुम्ही म्हणाल तसं."

इतक्या पटकन कबूल झाला, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

नागपुरात तिच्या बॅचचे निम्मे लोक आपलं रजिस्ट्रेशन मेडिकल स्टोअरच्या भिंतीवर टांगायला भाड्याने देत आणि घरी झोपत. शरयूने दिलं नव्हतं. तिचा हा बाणेदारपणा विनयला लग्न ठरताना फार आवडला होता म्हणे.

एका शनिवारी इलिनॉयमधल्या नेपरव्हिलच्या घरी फोन आला. दक्षिणेकडच्या एका राज्याच्या फार्मसी बोर्डाचा इन्स्पेक्टर. ह्या कंपनीकडून आमच्याकडे विनापरवाना झोपेच्या गोळ्या येतात, जबाबदार फार्मासिस्ट म्हणून सही तुमची आहे, तुमचं काय म्हणणं? इलिनॉयला कळवलं की लायसन्स जाऊ शकतं, हेही त्याने अगदी सौजन्याने सांगितलं.

शरयूने त्याला होल्डवर ठेवलं. यतीन सोफ्यावर पोहे खात होता.

"माझी सही कोणी केली?"

यतीनने विनयकडे पाहिलं. विनयने पोह्यांकडे.

"अगं, नुसतं नाव तर वापरलं," विनय म्हणाला. "तुला विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस?"

"उगाच वाद कशाला! आता एवढंच सांग, की सही तूच केलीस. माझं नाव आलं तर ग्रीन कार्ड गेलं. माझं म्हणजे आपलं."

"आणि माझं लायसन्स?"

"ते परत मिळतं गं. तुला कुठे परीक्षांचा कंटाळा आहे!"

"वहिनी पहिल्या फटक्यात काढतील," यतीनने भर घातली आणि लिंबू मागितलं.

लिंबू देऊन शरयूने फोन उचलला.

"सही माझी नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "माझ्या नवऱ्याची आहे. नाव लिहून घेता?"

आणि ह्या देशात आपली नावं सांगावी लागतात तशी, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून ती सांगू लागली, "व्ही. व्हिक्टरमधला व्ही."