दाजींच्या मापाची सीट

"पाय आत घे आधी."

"घेतलेत, मामा."

"मग दार का लागत नाही?"

"गुडघा कुठे ठेवू? डिकीत?"

भाची मोटारीत ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. बसली होती म्हणजे घडी घालून ठेवल्यासारखी होती. एक गुडघा स्टिअरिंगला खालून टेकलेला, दुसरा दाराच्या वाटेत. मी शिंपी माणूस. कुणी समोर आलं की मला आधी त्याचं माप दिसतं, चेहरा नंतर. ही पोर उंचीत आमच्या अख्ख्या खानदानाच्या वर गेलेली. गल्ली तिला शिडी म्हणते. आणि ती सीट होती माझ्या दाजींच्या मापाची. दाजी मोटारीपलीकडे उभे राहिले की टपावरून त्यांचं फक्त कपाळ दिसतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. अंगणात खुर्ची टाकून ते आमचा खटाटोप बघत होते. खरं तर ऐकत होते.

"होईल सवय," ते म्हणाले. "मला नाही का झाली?"

"बाबा, तुम्हाला कसली सवय करायची होती? सीट तुमच्याच मापाची."

"मोटार चालव, कोण नको म्हणतंय? सीटला तेवढा हात लागणार नाही."

दाजी गाडीला कायम मोटारच म्हणत. गाडी काय, हातगाडीही असते, असं त्यांचं म्हणणं. गोल दिव्यांची, गडद हिरव्या रंगाची ही मोटार त्यांना पंपाच्या कारखान्यामागच्या भंगारात सापडली होती. दाजी तिथे वेल्डर. कारखान्यातून सुटले की ते दुसरी पाळी या मोटारीच्या पोटाखाली करायचे. पत्रा सडलेला, दारं लोंबलेली, आणि उंदरांनी आत संसार मांडलेला. लोकांनी टिंगल केली, मीही केली, त्यात मी कुणाच्या मागे नव्हतो. मग एका सकाळी ती मोटार माझ्या दुकानासमोर येऊन उभी राहिली आणि हॉर्न वाजला. मी तोंडात टाचण्या धरलेल्या, तसाच बाहेर आलो. तिच्या सीटांची रेक्झिनची कव्हरं मी शिवली आहेत, आणि तेवढं काम मिरवायला मला लाज वाटत नाही.

घोडं अडलं होतं ते दाजींच्या वेल्डिंगपाशी. बैठक मूळची धिप्पाड माणसासाठी केलेली. दाजींचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. दुसऱ्या कुणी सीटला सरकती पट्टी बसवली असती, चार बोल्ट मारले असते. पण दाजींचा नट-बोल्टवर विश्वास नव्हता. "बोल्ट म्हणजे भित्र्याचं काम. पुढेमागे सोडवता यावं म्हणून मारायचा. मी लावलेलं सुटत नाही." त्यांनी सीट पुढे ओढली, आपल्या मापाला लावली आणि खालच्या आडव्या लोखंडी पट्टीला वेल्ड करून टाकली. एवढ्यावर थांबतील तर दाजी कसले? शेजारची सीटही पुढे घेऊन त्याच ओळीत वेल्ड केली. एक पुढे आणि एक मागे असली की पडक्या दातांसारखं दिसतं म्हणे.

कारखान्यात त्यांचा जोड कधी फुटला नाही, हे तिथले लोक आजही सांगतात. डोळे मात्र त्या कामानं आणि साखरेनं मिळून खाल्ले. एक गेला, दुसरा धुक्यात. लायसनच्या ऑफिसात साहेबांनी समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचायला सांगितली, तर दाजींनी विचारलं, "फळा कुठाय?" तिथे विषय संपला. ते हसत हसतच घरी आले, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

आता मोटार चालवायची तर लेकीनं. ती दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवते. अशी चालवते की सायरन न वाजवता रस्ता मिळतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. प्रश्न चालवण्याचा नव्हताच. सीट मागे घेतली की दाजींचे पाय पेडलला कधीच पोचणार नव्हते, आणि नाही घेतली तर पोरीचे पाय हलणार नव्हते. लायसन गेलं ते सरकारनं नेलं. सीट गेली तर ती दाजींनी स्वतःच्या हातानं दिल्यासारखी होणार होती. हे आम्हा सगळ्यांना कळत होतं आणि सगळे मूग गिळून बसलो होतो.

मी एकदा मध्ये तोंड घातलं. "दाजी, सीट मागे घेऊ. तुम्हाला कधी बसावंसं वाटलं तर पाठीला जाड उशी शिवून देतो. उत्तम कापूस भरतो."

"उशीला टेकून मोटार चालवणारा माणूस दिसतो मी तुला?"

उशीचं कापड घरी उगाच आणून ठेवलं होतं, त्याच्या पिशव्या शिवल्या.

तर पुढच्या सुट्टीच्या दिवशी तसेच निघालो, सीट होती तशी ठेवून. भाची ड्रायव्हरच्या जागी घडी होऊन, आक्का शेजारी तिच्या नेहमीच्या सीटवर, मागे मी आणि दाजी. स्वतःच्या मोटारीत मागच्या सीटवर बसायची दाजींची ही पहिलीच वेळ. काय करावं ते त्यांना समजेना. हातानं पुढच्या सीटची पाठ चाचपत बसले.

"तिसरा टाक आता," ते मागून म्हणाले.

"टाकलाय, बाबा."

"आवाजावरून वाटत नाही."

"दिवसभर मी हेच काम करते. मला शिकवू नका."

मला दिसलं, दाजी गालात हसले. लेकीनं उलट बोललेलं त्यांना आवडायचं, फक्त मोटारीच्या बाबतीत.

बाजाराच्या वळणावर गल्लीतून एक सायकलवाला थेट समोर आला. भाचीनं पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला तो ब्रेककडे जाईना. गुडघा स्टिअरिंगखाली अडकला होता. तिनं कसाबसा पाय वाकडा करून ब्रेक दाबला. मोटार थांबली, पण सायकलचं मागचं चाक बंपरला लागलं आणि माणूस पिशवीसकट खाली बसला. त्याला खरचटलं नव्हतं. उठून त्यानं आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भाचीनं खाली उतरून त्याचे बटाटे गोळा करून दिले. एक बटाटा तिच्या हातातून दोनदा निसटला. रक्तात माखलेली माणसं उचलणारी पोर ती, तिच्या हातून कधी काही सुटलेलं मी पाहिलं नव्हतं.

"काय झालं?" दाजींनी विचारलं. त्यांना दिसलं नव्हतं.

"काही नाही बाबा. चुकलं माझं."

"तिचं काही चुकलं नाही," मी म्हणालो. "गुडघा अडकला."

घरी पोचल्यावर दाजी उतरून चाचपत थेट आत गेले. मला वाटलं, झालं, आता मोटार ताडपत्रीखाली जाणार आणि तिथेच तिची माती होणार.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच दाजी फुटपाथच्या कडेकडेनं चाचपत आले. मागे भाची, कामावर जायच्या कपड्यांत.

"टेप काढ," ते म्हणाले.

"पॅंट शिवायची?"

"हिच्या पायाचं माप घे. बसलेलं. कमरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच. आणि गुडघा किती वाकवला की पायात जोर राहतो तेही बघ. ही तर सांगणार नाही, म्हणेल चालतंय."

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी स्टूल पुढे सरकवलं. आजवर मी कितीक मापं घेतली, पण त्या दिवशी प्रत्येक माप दोनदा घेतलं. मी आकडे मोठ्यानं सांगत गेलो आणि दाजी ते तोंडात घोळवत गेले. शेवटचा आकडा ऐकून म्हणाले, "एवढी?" आणि दुकानात कापड बघायला आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकाला सांगितलं, "माझी मुलगी."

सीट काढायला कोपऱ्यावरचा मेकॅनिक बोलावला. चांगला माणूस, हात सफाईचा. अंगणात तो मोटारीत उलटा शिरला आणि करवतीचं एक पातं मोडून बाहेर आला. दुसरं घेऊन गेला, तेही मोडलं.

"दाजी, हे सीट बसवलीय का पूल बांधलाय?"

दाजींची छाती अशी फुगली की शर्टाच्या गुंड्यांची मला काळजी वाटली. शर्ट मीच शिवलेला.

"सांगितलं होतं. मी लावलेलं सुटत नाही," ते म्हणाले. मग उठले. "ग्राइंडर इकडे दे."

"अहो, दिसत नाही तुम्हाला," आक्का दारातून म्हणाली.

"मला माहीत आहे कुठे काय आहे. मीच केलंय ते."

आक्का दारातच उभी राहिली. दाजी मोटारीत आडवे झाले. डाव्या हाताच्या बोटांनी त्यांनी जोड शोधला, त्यावरून बोट फिरवत राहिले. मग भाचीला म्हणाले, "माझं मनगट धर. वाकडं गेलं की सांग." तिनं दोन्ही हातांनी मनगट धरलं. ग्राइंडर सुरू झाला आणि ठिणग्या अंगणापर्यंत आल्या.

पहिल्यांदा त्यांनी शेजारची सीट सोडवली. ती मागे ढकलली तसा मेकॅनिक आक्काला म्हणाला, "बसून बघा, मावशी." आक्का बसली. तिनं पाय लांब केले. पूर्ण लांब. दाजींना दिसलं नसेल, पण तिनं सोडलेला सुस्कारा त्यांना ऐकू आला.

"काय झालं?"

"काही नाही. बरं वाटलं."

"म्हणजे इतकी वर्षं बरं वाटत नव्हतं?"

आक्का दाजींपेक्षा चांगली वीतभर उंच आहे. लग्नातल्या फोटोत ती बसलेली आणि ते उभे आहेत ते त्यासाठीच. "गुडघे लागायचे पुढे," ती म्हणाली. "तुम्हाला ओळ सरळ हवी होती ना."

"सांगायचं नाही का?"

"कुणाला? तुम्ही केवढ्या मानानं बसायचा तिथे. मी शेजारी बसून बघायची. गुडघ्यांचं काय एवढं."

दाजींनी तिच्या सीटच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी ग्राइंडर ड्रायव्हरच्या सीटकडे वळवला. तो जोड कापायला फार वेळ लागला. मधे दोनदा थांबून त्यांनी हात पुसले. मेकॅनिक म्हणाला, "मी करतो उरलेलं." दाजींनी मानेनंच नको म्हटलं. जोड सुटला तेव्हा त्यांनी त्या कापलेल्या कडेवर अंगठा ठेवून पाहिलं आणि मेकॅनिकला म्हणाले, "जोड कच्चा असला की आत पोकळ जागा राहते. एक तरी दिसते का, बघ."

मेकॅनिकनं वाकून, बॅटरी मारून पाहिलं. "एकही नाही, दाजी."

"हं," दाजी म्हणाले.

आता सीट नव्या जागी बसवायची. वेल्डिंग त्यांना जमणार नव्हतं आणि दुसऱ्याचं वेल्डिंग त्या मोटारीत चालणार नव्हतं. "नट-बोल्ट मारा," त्यांनी स्वतःच सांगितलं. मेकॅनिकनं माझ्याकडे बघून डोळा मारला, पण तोंड उघडलं नाही. शहाणा माणूस.

दोन्ही सीटा त्यांनी एकाच ओळीत लावून घेतल्या, मी घेतलेल्या मापावर. भोकं पाडायची वेळ आली तेव्हा भाची हळूच म्हणाली, "बाबा, पुढे पण चार भोकं पाडून ठेवू या ना. बोल्ट काढले की सीट पुढे घेता येईल. तुम्हाला कधी अंगणातल्या अंगणात..."

"नको."

"असू देत ना नुसती."

"उगाच पत्र्याला भोकं कशाला? गंज धरतो." त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "एकच जागा कर. पक्की."

बोल्ट आवळून झाले. भाची बसायला पुढे झाली, तर दाजी म्हणाले, "थांब. काम माझं आहे, आधी मी तपासणार."

ते दार चाचपत ड्रायव्हरच्या जागी बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर बरोबर नेहमीच्या ठिकाणी गेले. मग त्यांनी ब्रेकसाठी उजवा पाय पुढे केला. पाय हवेतच राहिला. चवडा ताणून पाहिला, तरी पेडल हातभर लांब होतं. सीटच्या पुढच्या कडेला सरकून बसले असते तर कदाचित टोक लागलं असतं. आम्ही सगळे बघत होतो, आणि मला वाटतं त्यांना ते माहीत होतं.

दाजी पुढे सरकले नाहीत. उलट मागे झाले, पाठ सीटला पूर्ण टेकवली, मान ताठ केली आणि पाय तसाच अधांतरी ठेवून म्हणाले, "लागत नाही. माप बरोबर आलंय."

मग ते उतरले आणि लेकीसाठी दार धरून उभे राहिले.