डावा पाय

हाताने शिवलेले बूट ऑनलाइन विकायचा धंदा मुलाने काढला आणि तीन महिन्यांत चोरांनी त्याला धुऊन काढलं. बूट घरपोच मिळाले, की कार्डाचा मालक बँकेला कळवी, "ही खरेदी माझी नाही." बँक पैसे परत ओढी; बूट गेले ते गेलेच. शेवटी पैसे जमा करणाऱ्या कंपनीने तंबी दिली: या महिन्यात आणखी एक तक्रार हरलात, तर खातं बंद.

मुलगा हातपाय गाळून बसला. त्याच्या म्हाताऱ्या आईने आरी खाली ठेवली. "आण तो फोन. तुझ्या कंप्युटरला कळत नाही, ते मी एका प्रश्नात काढते."

प्रश्न असा: बूट शिवायला घेण्याआधी ती गिऱ्हाइकाला विचारी, "कोणता पाय मोठा, डावा की उजवा?" मापाचे बूट मागवणारा झटकन सांगतो. चोराला काय ठाऊक? तो चाचरला, की म्हातारी सुटलीच. "स्वतःचा पाय माहीत नाही, मेल्या, आणि दुसऱ्याच्या खिशात हात बरा पोचला!" मुलगा बोलणं रेकॉर्ड करून ठेवी. तक्रारी आटल्या.

मग एके दिवशी एक बाई म्हणाली, "डावा. अर्ध्या नंबराने."

म्हातारीचा हात थांबला. हा पाय तिने पाळण्यात पाहिला होता. सात वर्षांपूर्वी तिचा शब्द मोडून तो घराबाहेर पडला होता.

"कार्ड कोणाचं?"

"ह्यांचं. त्यांनीच दिलंय."

खोटं. खोटं बोलताना पोरीचा आवाज लहानपणीही असाच पातळ होई. दोघींनीही ओळख दिली नाही. बूट मात्र म्हातारीने स्वतः शिवले.

महिनाअखेरीला जावयाची तक्रार आली: खरेदी माझी नाही.

मुलाने रेकॉर्डिंग लावलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आई, ही तर ताई! पुरावा म्हणून बँकेला हे दिलं, की त्याच्या कानावर जाणार. मागे त्याने तिचा हात मोडला होता."

"हात ना? पाय शाबूत आहेत. त्याच पायांनी गेली होती."

"खड्ड्यात गेला धंदा. मी नोकरी धरतो."

"आणि तुझ्या बापाचे साचे भंगारात घालू? पाठव."

तो जागचा हलला नाही. तेव्हा म्हातारीने चष्मा चढवला, एकेक अक्षर लावत बटण शोधलं आणि स्वतःच दाबलं.

निकाल दुकानाच्या बाजूने लागला. खातं वाचलं.

दहा दिवसांनी पार्सल परत आलं. दोन्ही बूट वरून चाकूने चिरलेले. ताई फोन उचलत नव्हती.

म्हातारीने डावा बूट उलटा केला, तळावरून अंगठा फिरवला. कोरा. एकदाही घातलेला नव्हता.

"तळ चांगले आहेत," ती मुलाला म्हणाली. "काढून ठेव. दुसऱ्या जोडीला लागतील."