बरकतभाईंचे भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. पितळी कडे, लाकडी मूठ आणि काठाला एक टवका. चाकणच्या एका कारखान्यात, तयार सुटे भाग तपासण्याच्या टेबलावर माझी एकोणीस वर्षे गेली. मला हातात धरायचे ते बरकतभाई. केसाएवढी भेग त्यांच्या नजरेतून सुटत नसे आणि त्यातले अर्धे श्रेय माझे, हे मी न लाजता सांगतो.

कधी कोणी भेगेवर ग्राइंडर फिरवून तो भाग पुढे ढकलू पाही. बरकतभाई तो परत पाठवत. शेजारी काम शिकणाऱ्या रुपालीला ते बजावत, "वरून घासली म्हणून भेग जात नाही. आत किती गेलीय ते बघायचं."

एके वर्षी त्यांच्या उजव्या भुवईवर गाठ आली. सारखी खपली धरायची. शिफ्ट बुडू नये म्हणून त्यांनी ती जवळच्या दवाखान्यात घाईने काढून घेतली. तुकडा तपासायला पाठवू, असे डॉक्टर म्हणाले. निघाली ना, मग आता काय तपासायचे, असे म्हणून हे थेट कामावर आले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते हसत हसत सांगितले. आम्ही सगळ्यांनी ऐकले.

वर्षभराने कपाळावर मुंग्या चालल्यासारखे होऊ लागले. मग ती जागा बधिर झाली. गार वारे लागले असेल म्हणून त्यांनी मफलर बांधला, तेल चोळले, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. एके दिवशी त्यांना एका भेगेच्या दोन दिसल्या. चांगले भाग नापास होऊ लागले, तेव्हा लोक माझी काच पुसून पाहू लागले. मला फार राग आला. पुढे उजवी पापणी मिटली, ती उघडेना.

मोठ्या दवाखान्यात स्कॅन झाला. ती गाठ कॅन्सरची होती. नसेच्या कडेकडेने तो डोळ्यामागे, पार मेंदूच्या दारापर्यंत पोचला होता. डोळा वाचणार नव्हता आणि जिवाचाही भरवसा नव्हता.

बरकतभाई शेवटचे आले, ते मला रुपालीच्या हाती द्यायला. त्यांनी मला आपल्या भुवईवर धरले.

"बघ, काय दिसतंय?"

तिने बराच वेळ पाहिले. "काय बी न्हाई, चाचा. साफ हाय."

"मीही असंच पास केलं होतं."

मित्रांनो, अंगावरची गाठ काढलीत, तर तुकडा फेकू नका, तपासून घ्या. चेहरा बधिर झाला, तर तेल चोळत बसू नका. एकोणीस वर्षे मी त्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होतो, पण मला कोणी तिकडे वळवलेच नाही. रुपाली मला रोज पुसते. लोखंडाच्या भेगा मला अजून स्वच्छ दिसतात.