पापडांच्या दिवशीचं रेकॉर्डिंग

कोंबडा पुन्हा आरवला आणि देवश्रीने तो पुन्हा कापला. पण कोंबड्याबरोबर रेकॉर्डिंगमधल्या चंपाबाईंच्या वाक्याची शेपटीही गेली, म्हणून तिने तो परत आणून जागेवर बसवला आणि कपाळाला हात लावला. गॅसवर दूध उतू गेल्याचा वास येत होता.

'सावित्रीकाठच्या गप्पा' हा पॉडकास्ट ती एकटीच करायची. महाड-पोलादपूरच्या खोऱ्यातली माणसं शोधायची, गावी जाऊन त्यांना बोलतं करायचं, मग घरी येऊन खोकले, उचक्या, गाड्यांचे हॉर्न तांदळातल्या खड्यांसारखे वेचून काढायचे आणि रविवारी सकाळी भाग ऐकायला सोडायचा. मुंबईत गेलेली इकडची मंडळी तो ऐकायची. "गावची बोली ऐकून जीव थंड होतो," असं कुणी लिहिलं की देवश्रीचाही जीव थंड व्हायचा. पण सोमवारपासून पुन्हा तेच. मान आखडायची, डोळे चुरचुरायचे, जेवताना समोरच्याचं बोलणंसुद्धा ती मनातल्या मनात कापत बसायची.

हे सगळं तिने आणखीही रेटलं असतं. पण उन्हाळी सुट्टीच्या आधी बालवाडीच्या अपेक्षाबाईंनी तिला फाटकापाशी थांबवलं.

"चैत्रालीचा घसा दुखतो का हो?"

"नाही. का?"

"नाही म्हणजे, गोड आहे हो. पण सगळं कानात येऊन सांगते. पाणी हवं तरी कानात, कुणी मारलं तरी कानात. मी म्हटलं, मोठ्याने बोल की गं राणी, तर नुसती बघत राहिली."

घरी जाताना देवश्रीला एकेक आठवत गेलं. आईने हेडफोन लावले की चवड्यांवर चालायचं, आईचा माइक सुरू झाला की बाहुलीशीही कुजबुजायचं, हे लेकीला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. "किती शहाणी आहे माझी बाय," एवढंच देवश्री म्हणत आली होती. तेवढं पुरलं होतं.

"मी बंद करते हे," ती शरदला म्हणाली.

शरदचं बाजारपेठेत औषधांचं दुकान. तो जेवायला घरी आला होता. "मी कधी बंद कर म्हटलं नाही हं तुला," तो आमटी भुरकत म्हणाला. "तू एरवी इतक्या हौसेने काही करत नाहीस."

"म्हणूनच तर." तिने त्याला भात वाढला. "एक शेवटचा भाग करते. कापडे गावच्या आनंदीबाईंना शब्द दिलाय. त्यातच सगळ्यांचा निरोप घेते."

निरोपाची चार वाक्यं तिने पाठ केली आणि चैत्रालीला घेऊन पोलादपूरच्या एसटीत बसली.

कापड्यात पोचली तेव्हा आनंदीबाईंकडे पापडांचा दिवस होता. आळीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. आज आनंदीबाईंचे तांदळाचे पापड, उद्या शेजारणीचे, परवा तिसरीचे. आनंदीबाईंची सून तेजश्री उकडीचे गोळे आणून देत होती. लग्नाआधी ती लालबागला वाढलेली, त्यामुळे तिचं बोलणं इकडचं आणि तिकडचं असं मिसळलेलं.

"काकी, आपण आत बसू या का? इथे आवाज आहेत," देवश्री म्हणाली.

"आत बसून पापड कोण लाटंल गो? इथंच विचार काय ते."

देवश्रीने रेकॉर्डर पाटावर ठेवला. आनंदीबाई त्याच्यावर वाकल्या आणि ओरडल्या, "हॅलो!" बायका हसल्या. परत सुरुवात केली. लग्न होऊन डोंगरापलीकडून आल्या तो दिवस त्या रंगात येऊन सांगत होत्या, तेवढ्यात लाटणं पडलं.

"काकी, एवढंच परत सांगता?"

सांगितलं. मग बकरी ओरडली.

"परत एकदा?"

आनंदीबाईंनी हात पुसले. "पोरी, नवरीचं रडू एकदाच येतं. आता तिसऱ्यांदा सांगितलं तर मला सोताला खोटं वाटंल." मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझं डोळं बघ कसं झाल्यात. ह्या कामाला तुझ्यासंगती कोण असतं?"

"कुणी नाही. मीच."

"अगो बाय! पापड लाटायला आमी इतक्या जणी, आन तू येवढ्या कामाला येकटी?" त्यांनी भिंतीलगतची चटई दाखवली. "पड जरा. आमी कुटं पळून नाय जात."

पाठ टेकायची म्हणून देवश्री टेकली.

जाग आली ती एका आवाजाने. "हाऽऽड! हाऽऽड रे!" छाती फोडून कुणीतरी ओरडत होतं. ती दचकून उठून बसली. अंगणात जुन्या लुगड्यावर पापड वाळत होते, आणि त्यांच्या मधोमध, नाकाला पीठ लागलेली, स्वतःहून उंच काठी धरलेली चैत्राली कावळ्यांच्या अंगावर धावून जात होती.

"राखणीला बसवली तिला," तेजश्री म्हणाली. "आधी कावळ्यांना पण कानात सांगत होती ओ ताई! आई म्हणाल्या, आसं बोललीस तर कावळं तुझ्याच हातातला पापड नेतील."

देवश्रीला हसू आलं, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावावा लागला.

"आणि हे तुमचं," तेजश्रीने रेकॉर्डर पुढे केला. "चालूच होतं. आमच्या गप्पा गेल्यात आत सगळ्या. पुसायचं तर पुसा."

पुसलं नाही. परतीच्या एसटीत तिने ते कानाला लावलं. दबक्या आवाजात आनंदीबाई म्हणत होत्या, "हळू गो, ती निजलीय." आणि मग त्याच हळू सुरात, कुणाला सांगायचं म्हणून नव्हे तर पापड लाटता लाटता, डोंगर उतरून आलेली नवरी, तिने माहेरी परत पाठवलेली बैलगाडी, सासूने पहिल्या रात्री पायाला लावलेलं तेल. मधे लाटण्यांची खडखड, बकरी, "हाऽऽड रे!" एवढं मोकळं बोलणं देवश्रीला आजवर कुणी दिलं नव्हतं. तिचा स्वतःचा एक शब्दही त्यात नव्हता. हे तिला जरा लागलं, पोलादपूर येईपर्यंत. मग तेही ओसरलं.

शेवटी तेजश्री कुणालातरी विचारत होती, "हे बंद कुटून करायचं?" तेवढं देवश्रीने घरी येऊन काढलं. निरोपाची वाक्यं घातलीच नाहीत. संध्याकाळी तिने तेजश्रीला फोन केला.

"पुढचा भाग तुमच्या शेजारणीकडे कराल? रेकॉर्डर मी पाठवते."

"एवढंच ना? आणि कापायचं?"

"फक्त टोकं. मधलं असू दे."

"मग मीच कापते ना ताई. दिवसभर रील कापते, सासूबाई ओरडतात. आता हे काम म्हणून करीन."

दुसऱ्या दिवशी शरद जेवायला आला. रोजच्यासारखी त्याने पायरीवरच चप्पल काढली, हातात घेतली, दार आवाज न करता लोटलं आणि अनवाणी आत आला. टेबलावर लॅपटॉप मिटलेला होता. देवश्री जमिनीवर बसून चैत्रालीच्या केसांना तेल लावत होती, आणि चैत्राली घरभर ऐकू जाईल अशा आवाजात कावळ्यांची गोष्ट सांगत होती.

"आज काम नाही?" तो दारातूनच पुटपुटला.

"झालं," देवश्री म्हणाली.

शरदने मिटलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं. मग त्याने हातातली चप्पल सोडून दिली. फरशीवर चांगली फटकन वाजली.